म्हाताऱ्यांचा वाटा : साक्षरतेविषयी एक निरूपण



या खेपेस निरूपणासाठी सूत्र घेतलेले नाही. स्मृतिस्थळातील एक प्रसंग घेतला आहे. तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निधानी असलेले केशिराजबास हे संस्कृताचे मोठे जाणते. रत्नमालास्तोत्रासारखी संस्कृत रचना त्यांच्या हातून झालेली. पुढेही निरूपण संस्कृतातच बांधावे असा त्यांचा मानस होता. परंतु आचार्यांनी त्यांस थांबविले. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या या निरूपणाला मुकतील, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. केशिराजबासांनी ती आज्ञा शिरसावंद्य मानली. सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ यांची मराठीतील संकलने त्यांच्याच परिश्रमाने पंथास लाभली.

हा प्रसंग आपण मराठीच्या अभिमानापोटी नेहमी सांगतो, आणि तो सांगावाच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि २०२४ पासून रिद्धपुरी मराठी भाषेचे विद्यापीठही सुरू झाले. त्या आनंदाच्या दिवसांत या प्रसंगाचा उच्चार अनेक व्यासपीठांवरून झाला. परंतु त्यातील मर्म केवळ भाषेचे नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. आचार्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी मराठी भाषा नव्हती, म्हाताऱ्या होत्या. समाजात ज्यांची गणती सर्वांत शेवटी होते, ज्यांस कोणी विचारीत नाही, त्यांचा वाटा बुडू नये ही त्यांची चिंता होती. भाषेचा निर्णय त्या चिंतेतून निघाला. ग्रंथ कोणत्या भाषेत शोभेल हा प्रश्न त्यांनी केला नाही; तो कोणापर्यंत पोहोचणार नाही, हा प्रश्न त्यांनी केला.

तोच प्रश्न आज आपण स्वतःस करावयाचा आहे. आचार्यांनी भाषेची भिंत पाडली. तिच्या मागे आणखी एक भिंत होती, ती अक्षराची. त्या काळी ती पाडण्याचे साधन नव्हते. कागद दुर्मीळ, पोथ्या हाताने लिहिलेल्या, छापखाना नाही, गावोगाव शाळा नाही. म्हातारीने ऐकावे, पाठ करावे आणि स्मरावे, एवढेच शक्य होते. ते तिने केले. आज साधन आहे. तरीही ती भिंत उभी असेल, तर आता ती काळाची नव्हे, आपली भिंत आहे.

एक दृष्टांत

कोणा एका गृहस्थाने आपल्या अंगणात विहीर खणली. पाणी गोड लागले. पुढील पिढीच्या मनात आले की, विहीर उघडी आहे, लेकरू पडेल, गुरू पडेल, कोणी घाण टाकील; म्हणून त्यांनी तीवर मोठी शिळा बसविली आणि ती सरकविण्याची एक युक्ती करून ठेवली. ती युक्ती घरातील दोघा-चौघांस ठाऊक होती, तोवर सर्वांस पाणी मिळत गेले. त्यानंतरच्या पिढीस युक्ती ठाऊक राहिली नाही. मग त्या घरच्या बाया रोज सकाळी घागर घेऊन शेजाऱ्याच्या दारी उभ्या राहू लागल्या. शेजारी घरी असेल आणि त्याची मर्जी असेल, तर पाणी. नसेल, तर तहान. येता-जाता मात्र त्या शिळेवर हळदकुंकू वाहून हात जोडीत, कारण खाली वाडवडिलांची विहीर आहे एवढे त्यांस माहीत होते.

याचे दार्ष्टांतिक असे. विहीर म्हणजे आपले वाङ्मय. शिळा म्हणजे त्याच्या रक्षणासाठी योजलेले उपाय. घागर घेऊन परक्या दारी उभी असलेली बाई म्हणजे जिला अक्षर येत नाही ती आपली वासनिक भगिनी. आणि शिळेला हात जोडणे म्हणजे रुमालात बांधलेली पोथी न वाचता केवळ वंदून परत कोनाड्यात ठेवणे.

येथे कोणाचा अनादर करण्याचा हेतू नाही. पोथीस वंदन करावेच. परंतु पोथी वंदनापुरतीच लिहिली गेली असती, तर म्हाइंभटांनी इतके कष्ट घेतलेच नसते.

अक्षराने काय राखले

म्हाइंभटांचे चरित्र आठवा. ते सराळ्याचे, विद्येने आणि धनाने संपन्न. विद्येचा अभिमान स्वामींच्या सन्निधानी गळाला. पुढे श्रीप्रभूंच्याही प्रयाणानंतर रिद्धपुरी श्रीनागदेवाचार्य लीळांचे स्मरण करीत बसलेले असताना म्हाइंभटांच्या मनात आले की, ज्यांनी या लीळा डोळ्यांनी पाहिल्या ते आज आहेत, उद्या नसतील. म्हणून ते लेखणी घेऊन बसले. आचार्यांच्या मुखातून ऐकले, तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याच्या ज्याच्या दृष्टीस लीळा पडली त्याच्या त्याच्या ठायी जाऊन त्यांनी विचारले, ताडून पाहिले आणि लिहिले. अशा रीतीने सिद्ध झालेले लीळाचरित्र हे मराठीतील आद्य गद्यचरित्र ठरले. सांगणाऱ्यांत पंडित होते, तशाच साध्या बायाही होत्या. महदाइसेचे किती प्रश्न आणि स्वामींची त्यांवरील किती उत्तरे आपणांस केवळ या लेखणीमुळे लाभली! तिच्या जिज्ञासेचे स्वामींनी कौतुक केले. तीच महदाइसा धवळे रचून मराठीची आद्य कवयित्री झाली. ती बोलली आणि कोणी लिहिले नसते, तर आज तिचे नावही आपणांस ठाऊक नसते. तिच्यासारख्या किती स्त्रिया प्रत्येक शतकात बोलल्या असतील आणि त्यांचे बोलणे त्यांच्याबरोबरच गेले असेल, याची गणती कोण करणार?

पुढे परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरपली. त्या वेळी ज्यांस पाठ होते त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यात हिराइसेच्या पाठाचा उल्लेख परंपरा मानाने करते. लेखणी हरपली तेव्हा स्मरणाने तारले, आणि स्मरण थकले तेव्हा लेखणीने. मुख आणि अक्षर ही एकमेकांची वैरी नव्हेत, एकमेकांचा आधार आहेत. म्हणून जो म्हणतो, आमचा मार्ग श्रवणाचा, आम्हांस अक्षराचे काय काम, त्याने हा इतिहास अर्धाच ऐकला आहे.

त्यानंतर लिपीचे प्रकरण येते. ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती पडू नयेत, त्यांची विटंबना होऊ नये, म्हणून पूर्वजांनी सकळ, सुंदरी, अंक इत्यादी लिप्या योजिल्या. रक्षण झाले, यात शंका नाही. शतकानुशतके पोथ्या सांभाळल्या गेल्या. परंतु त्याचे एक फळ असेही झाले की, बाहेरच्यांस हे वाङ्मय अज्ञात राहिले आणि अज्ञानातून नाना अपसमज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे मांडला, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आदींनी ग्रंथ अभ्यासून प्रकाशात आणले. तेव्हा कोठे महाराष्ट्रास कळले की, आपल्या भाषेचे सर्वांत जुने गद्य कोणाच्या घरी सांभाळून ठेवलेले होते. ज्यांनी हे कुलूप घातले त्यांस दोष देऊ नये. त्यांच्यापुढे काळ कठीण होता. परंतु कुलपाची किल्ली वारसास देणे हेही रक्षणकर्त्याचेच कर्तव्य असते. निरक्षर वासनिकास तर सकळ लिपी आणि बालबोध लिपी सारखीच. त्याच्या दृष्टीने प्रत्येक छापील पान आजही सांकेतिक लिपीतच आहे.

एक अपराध

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, याचा पुष्कळ दिवस विचार केला. परंतु दुसऱ्यास उपदेश करताना स्वतःची चूक झाकणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका खेड्यात मुक्काम होता. तेथे एक वृद्ध वासनिक बाई नित्य येत. वैधव्य आलेले, मूलबाळ जवळ नाही, दोन एकर कोरडवाहू जमिनीत वाटा. लहानपणी आजीजवळ ऐकून पाठ केलेले स्तोत्र त्या अस्खलित म्हणत. अक्षर मात्र एकही येत नव्हते. एके दिवशी सायंकाळी, आमची नित्याची स्मरणाची वेळ झालेली असताना, त्या एक कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, एवढं काय लिवलं हाये ते सांगा. पुतन्या म्हनते निराधाराच्या पैशाचा कागद हाये, उद्या तालुक्याले जाऊन आंगठा देनं हाये."

मी कागदाकडे पाहिलेही नाही. "माय, हा प्रपंचाचा कागद. आम्हा भिक्षुकांचा त्यात काय संबंध? गावात कोणाकडून वाचून घ्या," एवढे बोलून मी स्मरणास बसलो. त्या दंडवत करून गेल्या. गावात ज्याच्याकडून वाचून घ्यावा असा जवळचा मनुष्य त्यांस तो पुतण्याच होता.

तो कागद हक्कसोडपत्राचा मसुदा होता. दुसऱ्या दिवशी अंगठा उमटला, आणि दोन एकरांतील त्यांचा वाटा गेला. मला हे चार महिन्यांनी, दुसऱ्याच गावी कळले.

त्या रात्री जे स्मरण केले त्याचे काय झाले, हे परमेश्वरच जाणे. मी अनेक दिवस स्वतःशी वाद घातला. मनाने एक पक्ष मांडला: निवृत्तिमार्गी पुरुषाने शेतीवाडीच्या कज्जात पडू नये, हा आचारच आहे; मग दोष कशाचा? दुसऱ्या पक्षाने विचारले: तुला कज्जात पडण्यास कोणी सांगितले होते? तुला चार ओळी वाचण्यास सांगितले होते. तहानेल्यास पाणी देण्याने भिक्षुक प्रपंची होतो काय? विरक्ती ही आपल्या भोगाविषयी असते. दुसऱ्याच्या दुःखाविषयी जी असते तिला विरक्ती हे नाव नाही. ती उदासीनता होय, आणि ती सुखकर असल्यामुळे विरक्तीच्या वेषात सहज खपून जाते.

पुष्कळ विचारांती आणखी एक गोष्ट दिसली. मी तो कागद वाचून दाखविला असता, तरीही मूळ दुःख राहिलेच असते. पुढच्या कागदाच्या वेळी मी तेथे नसतो. त्या बाईस माझ्या डोळ्यांची नव्हे, स्वतःच्या डोळ्यांची गरज होती. इतकी वर्षे त्या पोथी ऐकण्यासाठी आमच्या पायांशी बसत, आणि त्यांचे ते अवलंबून राहणे ही त्यांची भक्तीच होय असे मी समजत आलो. त्यात भक्ती किती आणि अगतिकता किती, हे मी कधी निवडून पाहिले नव्हते.

पूर्वपक्ष आणि उत्तरे

साक्षरतेचा विषय काढला की, आपल्यातून काही आक्षेप येतात. ते प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा: जीवाचा उद्धार परमेश्वराच्या ज्ञानाने आणि प्रेमाने होतो, अक्षरांनी नव्हे. निरक्षर असूनही स्वामींच्या कृपेस पात्र झालेले कितीतरी आहेत. आणि शिकलेले अनेक अभिमानाने बुडालेले आहेत.

यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. अक्षराने मोक्ष मिळतो असे कोणीच म्हणत नाही. अन्नानेही मोक्ष मिळत नाही. तरी भुकेल्यास अन्न देऊ नये असे ठरत नाही. स्वामींनी निरक्षरास दूर लोटले नाही, यावरून निरक्षरता चांगली असे सिद्ध होत नाही. निरक्षरास तुच्छ मानू नये, एवढेच सिद्ध होते. राहिला अभिमान. तो विद्येचा असतो, तसाच कुळाचा, धनाचा आणि तपाचाही असतो. म्हणून तप सोडा असे आपण म्हणतो काय? म्हाइंभटांचा अभिमान गेला, विद्या राहिली, आणि तीच विद्या पंथाच्या कामी आली.

दुसरा आक्षेप अधिकाराचा आहे. सर्वांस वाचता आले तर जो तो ग्रंथ उघडील, गुरुमुखाची आवश्यकता उरणार नाही आणि रहस्य उघडे पडेल.

याचे उत्तर असे की, अक्षर हा डोळा आहे. डोळ्यापुढे काय ठेवावे, केव्हा ठेवावे आणि त्याचा अर्थ कसा लावावा, हे गुरूचे काम आहे, आणि ते साक्षर शिष्याच्या बाबतीत अधिकच आवश्यक होते. चुकीचे वाचले जाईल या भीतीने कोणी वाचावयासच शिकू नये, हे म्हणणे पाय घसरेल म्हणून लेकरास चालू न देण्यासारखे आहे. शिवाय, ज्यांस मराठी ही मातृभाषाही नव्हती असे पंजाबातील आपले जयकृष्णी उपदेशी ग्रंथासाठी मराठी शिकले, त्यांनी मराठी पोथ्या वाचल्या आणि सांभाळल्या. त्यामुळे गुरुमुखाची थोरवी उणी झाली नाही. मग ज्यांची मातृभाषाच मराठी आहे त्यांस अक्षर आल्याने ती कशी उणी होईल?

तिसरा आक्षेप आजच्या काळचा आहे. आता भ्रमणध्वनीवर प्रवचने ऐकू येतात, यंत्र स्वतः वाचून दाखवते. मग म्हातारपणी अक्षरे गिरविण्याचा शीण कशास?

यंत्र उपकारक आहे. दृष्टी गेलेल्यांस तर ते वरदानच आहे. परंतु यंत्र कोणते वाक्य वाचावयाचे ते दुसऱ्याने ठरविलेले असते. ऐकणाऱ्यास मागील पान उलटून पाहता येत नाही, शंका आलेल्या शब्दावर बोट ठेवता येत नाही, आपले नाव कोठे व कशासाठी लिहिले आहे ते तपासता येत नाही. उलट, त्याच यंत्रावर आलेला खोटा निरोप खरा मानून आपली पुंजी गमावणारे भोळे लोक आपण पाहतो. साधने वाढली की, न वाचता येणाऱ्याची फसगत कमी होत नाही, तिची वाट बदलते.

समाजाचा अनुभव

महाराष्ट्रास हे कार्य नवीन नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांस केवढा विरोध झाला, हे सर्वश्रुत आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे ठरविले. १९१९ मध्ये भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. स्वातंत्र्यानंतर १९५१ ची जनगणना झाली तेव्हा देशातील साक्षरांचे प्रमाण शंभरांत सुमारे अठरा होते. स्त्रियांत ते नऊही नव्हते.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम तर आपण विशेष अभ्यासावी अशी आहे. तिचे बळ पैशात नव्हते. शिक्षक, शिकलेली मुले आणि गावकरी यांनी रात्रीचे वर्ग चालविले. सारा गाव साक्षर झाला की, ग्रामगौरव समारंभ होई. साक्षरता ही एकेकट्याची न राहता गावाची प्रतिष्ठा झाली. पुढे ही मोहीम राज्यभर पसरली. तिचा दुसरा धडाही विसरू नये: ज्या ठिकाणी पुढे वाचावयास काही उरले नाही, तेथे शिकलेली अक्षरे पुसली गेली. अक्षर हे शेतासारखे आहे. पेरून सोडून दिले तर तण माजते.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळातील एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून घोषित झाला, तो हजारो स्वयंसेवकांच्या बळावर. २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखलेला आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे साक्षरता-प्रमाण ८२.३४ टक्के नोंदले गेले, पुरुषांत ८८.३८ आणि स्त्रियांत ७५.८७. म्हणजे सात वर्षांवरील दर शंभर स्त्रियांत सुमारे चोवीस निरक्षर. या चोवीस कोण? बहुतांशी वृद्ध, बहुतांशी खेड्यातील, बहुतांशी कष्टकरी. आचार्यांनी ज्यांची चिंता केली त्याच म्हाताऱ्या! साडेसातशे वर्षांनीही त्याच मागे राहिल्या आहेत.

आणि जनगणनेची व्याख्या अशी आहे की, कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येणे म्हणजे साक्षरता. स्वाक्षरीपुरती चार अक्षरे वळविता येणे म्हणजे साक्षरता नव्हे. अंगठ्याच्या जागी सही आली, पण वर काय लिहिले आहे ते कळले नाही, तर फसवणाऱ्याचे काम सोपेच राहिले; अंगठ्याची शाई तेवढी वाचली.

आपले कर्तव्य

आपल्या पंथास या कार्यासाठी वेगळी संस्था उभारण्याची आवश्यकता नाही. मंदिरे आहेत, आश्रम आहेत, नित्य जमणारी मंडळी आहेत, शिकलेले भिक्षुक आणि तपस्विनी आहेत. सर्वांत मोठे भांडवल म्हणजे आपल्या वृद्धांचे पाठांतर.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. ज्यास स्तोत्र मुखोद्गत आहे त्यास अर्धे वाचन आलेलेच आहे, फक्त त्यास ते ठाऊक नाही. त्याच्यापुढे तेच स्तोत्र मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. त्याने म्हणावे आणि प्रत्येक शब्दाखाली बोट न्यावे. थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानी येते की, अमुक आकार जेथे जेथे येतो तेथे तेथे तोंडातून तोच ध्वनी निघतो. मग अक्षरे सुटी करावीत. प्रथम साधी, नंतर काना-मात्रा, नंतर जोडाक्षरे. शेवटी तीच अक्षरे नव्या शब्दांत शोधावयास लावावीत: स्वतःचे नाव, गावाचे नाव, शिधापत्रिका, एसटीची पाटी, सातबाराचा उतारा. हा शेवटचा टप्पा चुकवू नये. पाठ असलेले म्हणणे आणि वाचणे यांतील भेद तेथेच कळतो.

प्रत्येक मंदिरात सायंकाळच्या आरतीनंतर अर्धा घटका तरी हा वर्ग चालावा. शिकविणाऱ्याने उच्चासनी बसू नये. वृद्ध शिष्यास लाज फार असते. त्याचे चुकले तर हसू नये, नातवंडांसमोर टोकू नये. ज्या घरी मुले शिकलेली आहेत त्या घरच्या आजीस अक्षर न येणे हे त्या मुलांचे न्यून समजावे. आपल्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांस मराठी पोथी वाचता येत नाही, हीही एक नवी निरक्षरता आहे. आजी आणि नातू यांनी एकत्र बसावे, तिने पाठ सांगावा, त्याने अक्षर दाखवावे. दोघांचेही काम होईल. आणि भिक्षुकांस एवढीच विनंती की, कोणी कागद घेऊन आला तर तो वाचून द्यावा. त्यात आपला आचार मोडत नाही.

त्या बाईंविषयी सांगून हे निरूपण पुरे करतो. वाटा परत मिळाला नाही. कागद रीतसर नोंदलेला होता. दाद मागण्यास त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि पुतण्याविरुद्ध उभे राहण्याचे मनही नव्हते. मी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा त्यांच्यापुढे झालेला अपराध बोलून दाखविला. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्यासमवेत असलेल्या एका तपस्विनीने मात्र दुसऱ्या दिवसापासून त्यांस अक्षरे दाखविण्यास आरंभ केला, वर सांगितलेल्या रीतीनेच. वय पासष्टीच्या पुढे, डोळ्यांस जाड चष्मा. चार महिने लागले.

एके दिवशी घरातील कोनाड्यातली पोथी त्यांनी स्वतः रुमाल सोडून उघडली. सासऱ्यांच्या वेळची छापील पोथी. पहिली ओळ त्यांस पाठ होती. ती त्यांनी म्हटली नाही, बोट ठेवून एकेक अक्षर वाचली. मग पुढची, जी पाठ नव्हती, तीही अडखळत वाचली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "बाबा, इतके वर्सं हे अक्षरं माह्या घरात मुके व्हते."

नंतर त्यांनी ट्रंकेतून त्या हक्कसोडपत्राची नक्कल काढली आणि तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी त्या वेळी समोर बसलो होतो. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

त्या मुक्या अक्षरांस वाचा फोडणे हे आपल्या हाती आहे. आचार्यांनी केशिराजबासांस ज्यांच्यासाठी थांबविले, त्या म्हाताऱ्या आजही आपल्या मंदिराच्या पायरीवर बसलेल्या आहेत. त्यांचा वाटा त्यांस द्यावा, एवढीच सर्वज्ञांच्या श्रीचरणी प्रार्थना आणि आपणा सर्वांस विनंती.

दंडवत प्रणाम.